पुतणीची सॅट, डेसमॉस आणि तो पाना

परवा क्लास सुटल्यावर एक पालक जिन्यात थांबले होते. म्हणाले, सर तुम्ही पुतणीला सॅटचं, म्हणजे त्या बाहेरच्या कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेचं, मॅथ्स शिकवलात म्हणे, पण त्यात तर कॅल्क्युलेटर चालतो, तोपण ग्राफ काढणारा, मग शिकवायचं काय असतं त्यात? मी काहीतरी अर्धवट बोललो, त्यांची गाडी रस्त्यात आडवी लावलेली आणि मागं हॉर्न वाजालते, त्यामुळं विषय तिथंच राहिला. रात्री जेवताना मात्र डोक्यात तेच चालू होतं म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढू.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी बेळगावात, अनगोळला, दहावी आणि पीयूसीची (म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी) गणिताची ट्यूशन घेतो. आमच्या भागात कॅल्क्युलेटर म्हणजे पाप. सीईटीला चालत नाही, जेईईला चालत नाही, सीईटीत ६० प्रश्न ८० मिनिटांत हातानं उडवायचे म्हणजे प्रश्नाला ८० सेकंद, त्यामुळं पोरं पाढे, वर्ग, शॉर्टकट सगळं तोंडपाठ करून बसलेली असतात आणि वर्गात कुणी मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला की बाकीची त्याच्याकडं अशी बघतात की यानं चप्पल घालून देवळात पाय टाकलाय. मीही त्यातलाच. मुलांना ओरडणारा पहिला मीच.

मग दादाच्या पोरीनं सॅट द्यायची ठरवली. बाहेरच्या कॉलेजांना लागते, आपल्याकडच्याही काही प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या तो स्कोअर घेतात. दादाचं शहापुरात मिठाईचं दुकान, त्याला यातलं गोत्तिल्ला (कन्नडमध्ये, माहीत नाही), तो म्हणाला तू बघ. मी बघितलं. आता सॅट लॅपटॉपवर असते, भारतात आणि बाकी बाहेरच्या देशांत मार्च २०२३ पासून. ब्लूबुक नावाचं ॲप, मॅथ्सचे दोन भाग, प्रत्येकी २२ प्रश्न ३५ मिनिटं, आणि पहिल्या भागात कसं केलंय त्यावर दुसरा भाग सोपा की अवघड ते ठरतं. निगेटिव्ह मार्किंग नाही. पूर्वी कागदावर होती तेव्हा एक भाग कॅल्क्युलेटरशिवाय असायचा, आता सगळीकडं चालतो आणि ॲपमध्येच डेसमॉस नावाचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर दिलेला असतो. स्वतःचाही नेता येतो म्हणे, पण तसला ग्राफवाला कॅल्सी महाग आणि आमच्याकडं गणपत गल्लीत मी विचारलं तर त्या माणसानं मला जीएसटीवाला मोठ्या बटणांचा दाखवला. तो विषय तिथं संपला.

प्रश्नाला साधारण ९५ सेकंद. सीईटीपेक्षा जास्त. मी म्हटलं ही पोरगी हसत हसत करेल.

पहिली प्रॅक्टिस टेस्ट दिली तिनं आमच्या माडीवर. मी मधून डोकावतोय तर डेसमॉस बंद. पूर्ण ३५ मिनिटं बंद! कागद मात्र दोन्ही बाजूंनी भरलेला. शेवटचे चार प्रश्न राहिले. म्हटलं, अगं उघडलं का नाहीस? तर म्हणते, "काका, चीटिंग केल्यागत वाटतं की." यात तिची काय चूक, हे मीच दहा वर्षं शिकवलेलं.

मग मी जरा रागावलो आणि म्हटलं आता सगळं त्यातच कर. हा माझा दुसरा गाढवपणा. दुसऱ्या टेस्टला ती ५क्ष + २य = १९ आणि ३क्ष − २य = ५ हेसुद्धा टाईप करायला लागली (मराठीत टाईप करतोय म्हणून एक्सला क्ष आणि वायला य लिहितो, आमच्या आजोबांच्या पुस्तकात तसंच होतं, चालवून घ्या). अरे दोन ओळींची बेरीज केली की २य उडतंय, ८क्ष = २४, क्ष ३, य २, पंधरा सेकंद. ती दोन्ही समीकरणं टाईप करून, रेघा कुठं छेदतात तिथं क्लिक करून, बिंदू वाचून, मग लक्षात आलं की विचारलंय क्ष + य, मग परत बेरीज. पाऊण मिनिट गेलं. आणि असे सात-आठ प्रश्न केले की झालं, वेळ संपला. या टेस्टला पहिल्यापेक्षा दोन मार्क कमी आले आणि दादा म्हणाला, कॅल्क्युलेटर देऊन कमी कसे काय पडले मर्दा?

तर त्या पालकांना द्यायचं उत्तर हे, की शिकवायचं एवढंच असतं, कुठला प्रश्न बघितल्यावर हात कागदाकडं जायला पाहिजे आणि कुठला बघितल्यावर माऊसकडं. आणि हे प्रश्न वाचून पाच सेकंदात ठरायला पाहिजे, अर्धं हातानं करून मग अडकल्यावर नव्हे.

आमच्या पोरांचा हात कुठं चांगला आहे ते मला माहितीय. दहावीत दोन चलांची रेषीय समीकरणं घासून घेतलेली असतात. ४क्ष − ६य = ९ आणि कक्ष + ९य = ५, याला उत्तर नाही तर क किती, हे सहगुणकांचं गुणोत्तर लावून कच्चं पोर पण −६ सांगेल. त्याला ग्राफ काढून क हलवत बसायचं म्हणजे खडे बाजारातून शनिवार खूटला जायला हायवेवरून फिरून जाण्यासारखं. टक्केवारी, गुणोत्तर, साधी समीकरणं, कागद. वर्तुळाचं समीकरण सोडलं तर भूमिती बहुतेक कागद. वर्तुळाचं मात्र मी तिला डेसमॉस म्हटलं, क्ष² + य² − १०क्ष + ४य = २० असं आहे तसं टाकलं की गोल समोर येतो, डावं टोक −२ वर, उजवं १२ वर, म्हणजे व्यास १४, त्रिज्या ७. पूर्ण वर्ग करताना आपली पोरं उजव्या बाजूला २५ आणि ४ मिळवायला विसरतात, तो घोळच नाही.

आता टाईप करण्याबद्दल. हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. डेसमॉसमध्ये घात टाकायला शिफ्ट दाबून ६ दाबलं की कर्सर वर चढतो. आणि तो वरच राहतो. तो आपोआप खाली येत नाही, उजवा बाण दाबून उतरवायला लागतो. पुतणीला प्रश्न होता, य = २ चा क्ष घात, अधिक ३, हा आलेख य-अक्षाला कुठं छेदतो. क्ष शून्य ठेवा, २ चा शून्य घात १, अधिक ३, चार, तोंडी गणित. पण ती तेव्हा सगळंच टाईप करण्याच्या नादात, २, शिफ्ट-६, क्ष, अधिक ३ असं भराभर मारलं आणि तो अधिक ३ पण वरच जाऊन बसला. म्हणजे २ चा (क्ष + ३) घात. ग्राफ आला, छान वर जाणारा, दिसायला अगदी हवा तसा, य-अक्षाला छेदतोय ८ वर. पर्यायांत ८ होताच! होणारच की, पेपर काढणाऱ्याला माहितीय पोरं काय चुकतात ते. तिनं ८ मारला आणि पुढं गेली, वरून खुश. भागाकाराचंही तसंच, तिरकी रेघ मारली की कर्सर खाली छेदात जातो आणि तिथंच घर करतो, बाण मारून बाहेर काढायचा. मी तिला सांगितलं, टाईप झालं की ग्राफकडं बघायच्या आधी डावीकडं टाईप केलेल्याकडं एकदा बघ. तो कॅल्सी खोटं बोलत नाही, पण आपण जे विचारलंय त्याचंच उत्तर देतो, पेपरात काय विचारलंय ते त्याला कुठं ठाऊक.

यावरनं मला माझी स्वतःची गोष्ट आठवली. इंजिनिअरिंगला आम्ही व्हीटीयूचे, म्हणजे १९९८ ला इथंच मच्छेजवळ झालेली युनिव्हर्सिटी, सगळ्यांकडं कॅसिओ ९९१ एमएस. मोड तीनदा दाबून १ दाबलं की समीकरणं सोडवून द्यायचा, आम्हाला तेव्हा तो रॉकेट वाटायचा. इलेक्ट्रिकलच्या पेपरात ३० अंशाचा कोसाईन काढायचा होता. ०.८६६ यायला पाहिजे, आला ०.१५४, कारण आदल्या दिवशी मॅथ्ससाठी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, टाकलेला आणि वर कोपऱ्यात बारीक आर दिसालता त्याच्याकडं बघणार कोण. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला येते ते, ०.१५४ लिहून आलो. तसली फॅक्टरी असती तर एका महिन्यात बिल बघून मालकानं कुलूप लावलं असतं, पण मला शंका आली नाही. म्हणून पुतणीला पहिल्या दिवसापासून सवय लावली, डेसमॉस उघडलं की पहिल्या ओळीत साईन ३० टाकून बघायचं. ०.५ आलं तर डिग्री, −०.९८८ आलं तर रेडियन. कुठल्या मोडमध्ये आहे ते आठवत बसायचं नाही, विचारून घ्यायचं.

तो मोड बदलायचा जिथं, ते चिन्ह म्हणजे पाना. ग्राफच्या वरच्या कोपऱ्यात, इंग्रजीत त्याला रेंच म्हणतात, आमच्या घरात त्याला पानाच नाव पडलं. आणि खरं सांगू काय, डेसमॉस नीट वापरणारा आणि नुसता उघडणारा यातला फरक या पान्यावर आहे.

दादाच्या दुकानावरनंच एक गणित तिला घातलं. समजा कुंद्याचा (ही आमची बेळगावची मिठाई) किलोचा भाव प रुपये ठेवला तर दिवसाला १२० − ०.२प किलो जातो, भाव वाढवला की खप कमी. गल्ला सगळ्यात जास्त व्हायला भाव किती ठेवायचा? गल्ला म्हणजे भाव गुणिले किलो, प(१२० − ०.२प). आधी प च्या जागी क्ष टाकायला लागतो नाहीतर डेसमॉस स्लायडर, म्हणजे सरकवून आकडा बदलायची पट्टी, देऊ का म्हणून विचारत बसतं. तिनं टाकलं. ग्राफ आला काय, तर य-अक्षाला चिकटून एक सरळ उभी रेघ! ती माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं. "काका, पॅराबोला कुठं गेला?" पॅराबोला आहे तिथंच आहे, पण स्क्रीनवर दिसतंय ते साधारण −१० ते १०, आणि याचा माथा आहे ३०० वर, उंची १८,०००. म्हणजे टिळकवाडीत उभं राहून सह्याद्री शोधणं. माऊसचं चाक फिरवून झूम आऊट केलं तर दोन्ही अक्ष एकदम लहान होतात आणि तो डोंगर सुईसारखा दिसतो. इथं पाना. क्ष ० ते ७००, य ० ते २०,०००. लगेच माथा समोर, त्यावर क्लिक केलं की (३००, १८,०००).

आणि तिनं उत्तर लिहिलं १८,०००. विचारलंय भाव! गल्ला नव्हे. तिथंच मी नियम केला, कागदावर आधी एक शब्द लिहायचा, काय पाहिजे ते. "भाव?" असं. प्रश्नचिन्हासकट. सेंटरवर रफ कागद देतात, त्याचा एवढा उपयोग पुरे. ग्राफ तुम्हाला नेहमी दोन आकडे देतो, आडवा आणि उभा, त्यातला कुठला उचलायचा ते त्या एका शब्दावरनं कळतं. (दादाला हे सांगितलं तर म्हणाला, मग उद्यापासून ३०० नं विकू काय, आणि दूध कोण देतंय त्या भावात. गणितात दूध नसतं दादा.)

आता स्लायडर. हा प्रकार पोरांना लै आवडतो आणि तिथंच फसतात. य = क्ष² − ५क्ष + ७ हा पॅराबोला आणि य = २क्ष + क ही रेघ एकाच ठिकाणी टेकतात, क किती? क टाकला की डेसमॉस स्लायडर देतं, तो सरकवत न्यायचा आणि रेघ कुठं टेकते ते बघायचं. बघताना एकदम मस्त. पुतणीनं सरकवत −५.२ वर आणला, रेघ टेकलेली दिसते. मी म्हटलं −५.३ कर. तिथंही टेकलेली दिसते! मग खरं कुठलं? झूम करून बघितलं तर −५.२ ला रेघ दोन ठिकाणी छेदतेय आणि −५.३ ला अजिबात टेकत नाही, पण फरक इतका बारीक की डोळ्याला काय कळणार. खरं उत्तर −५.२५. कागदावर, क्ष² − ७क्ष + (७ − क) = ०, विवेचक (डिस्क्रिमिनंट) शून्य, ४९ − २८ + ४क = ०, क = −२१/४. तीन ओळी. या ठिकाणी आपली पोरं त्या अमेरिकन पोरांना भारी पडतात, कारण विवेचक आपल्याला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. म्हणून तिला सांगितलं, टेकणं, एकच उत्तर, उत्तर नाही, असे शब्द दिसले की कागद, आणि वेळ असला तर स्लायडरवर तो आकडा टाकून खात्री. पर्याय पूर्णांक असतील तर मात्र सरळ स्लायडर, तिथं कोण विवेचक मांडत बसतोय.

पर्याय नसलेले प्रश्नही साधारण पाव भाग असतात, उत्तर स्वतः टाईप करायचं. तिथं डेसमॉसचं दशांशाचा अपूर्णांक करून देणारं बारीक बटण लै कामाला येतं, ओळीच्या डाव्या बाजूला असतं. उत्तराच्या चौकटीत पाच अक्षरं मावतात, ऋण असेल तर वजा धरून सहा. साडेतीन हे ३ १/२ असं लिहायचं नाही, ते एकतीस भागिले दोन वाचलं जातं, ७/२ किंवा ३.५ लिहायचं.

माझं सगळ्यात आवडतं अजून राहिलं, टेबल. यात मी हरलो आणि कॅल्सी जिंकला. प्रश्न असा, एक वर्ग फंक्शन आहे, क्ष १ असताना ४, २ असताना ९, ४ असताना ३१, तर ३ असताना किती? मी फळ्यावर तीन समीकरणं मांडली, वजाबाक्या केल्या, दोन मिनिटं तरी गेली. डेसमॉसमध्ये टेबल घालायचं, तीन जोड्या भरायच्या आणि खाली लिहायचं य१ ~ अ·क्ष१² + ब·क्ष१ + क, ते १ खाली बारीक येतात. बरोबरचं चिन्ह नव्हे, ती नागमोडी रेघ, कीबोर्डवर एस्केपच्या खाली शिफ्ट धरून. एंटर नाही काही नाही, लगेच अ २, ब −१, क ३. म्हणजे २क्ष² − क्ष + ३, तीन घातलं की १८. तिनं वीस सेकंदात केलं आणि माझ्याकडं बघून हसली. मी डस्टर शोधायला लागलो.

पुढं मग दोन-अडीच महिने रोज संध्याकाळी बसलो. मोबाईलवर करू दिलं नाही, मोबाईलचा कीपॅड वेगळा, बोटांची सवय लॅपटॉपचीच लागली पाहिजे. आणि शेवटचे पंधरा दिवस फक्त ब्लूबुकच्या फुकटच्या टेस्ट. एकदा मध्येच करंट गेला, राऊटर बंद, ती घाबरून ओरडली, पण टेस्ट चालूच होती. सुरू करताना आणि शेवटी पाठवताना नेट लागतं, मधे गेलं तर चालतं. बॅटरी मात्र पाहिजे. तिच्या लॅपटॉपची बॅटरी दीड तासात मान टाकायची, ती बदलून घेतली, दादानं कुरकुर केली पण दिले पैसे.

सेंटर पुणे निघालं. आदल्या दिवशी गाडीनं गेलो, परीक्षेला मी बाहेर झाडाखाली बसून राहिलो, दुपारी ती बाहेर आली तर तोंडावरनं काहीच कळेना. कऱ्हाडपर्यंत मोबाईलमध्ये. कोल्हापूरला जेवलो. मी विचारायचं नाही असं ठरवलेलं, पण निपाणीला चहाला थांबल्यावर राहवलं नाही, म्हटलं कसं गेलं गं?

"प्रश्न सांगायचे नाहीत असा नियम आहे काका," ती म्हणाली, आणि चहा फुंकत बसली. मग थोड्या वेळानं आपणच म्हणाली, "एका ठिकाणी ग्राफच दिसेना. पाना उघडला."

मग दिसला काय, तर म्हणाली दिसला. गाडीत बसल्यावर संकेश्वर यायच्या आत झोपली.